हा फोन कोणाच्या नावावर?

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते; दिवसा दुकानं, रात्री नाटक नाहीतर दंडार हे लोकनाट्य. हलका धान कापून झालेला असतो, जड धान अजून बांधीत उभा असतो आणि घरात हंगामाचा पहिला पैसा खेळायला लागतो. याच दिवसांत घराघरांत फोनचा विषय निघतो. पोराचा फोन फुटलेला असतो, पोरगी बारावीला गेलेली असते, बापाच्या साध्या फोनवर काम भागेनासं झालेलं असतं.

याच झाडीपट्टीतलं नागरा हे गोंदिया शहराच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या सीमेकडे असलेलं गाव. प्राचीन शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ते जिल्हाभर ओळखलं जातं. शहर हाकेच्या अंतरावर असलं तरी शेती धानाचीच. आणि धानाच्या शेतीला आता फोन लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधीत उभं राहून ॲपवर पिकाचा फोटो काढायचा आणि पिकाची नोंद सातबाऱ्याला चढवायची. ही नोंद नसेल तर आधारभूत केंद्रावर धान विकताना अडचण येते. पोलीस भरतीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ही सगळी कामं फोनवर आली आहेत. म्हणून या भागातली फोनखरेदी ही हौस आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती गरज आहे, आणि गरज असलेला माणूस घाईत असतो.

किंमत धानात मोजली की ही गरज केवढी जड आहे ते कळतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. वीस हजारांचा नवा फोन म्हणजे जवळपास साडेआठ क्विंटल धान. तोच फोन दोन वर्षं वापरलेला, आठ हजारांना मिळाला तर साडेतीन क्विंटलच्या आत काम होतं. पाच क्विंटल धान वाचवण्यासाठी एखाद्या घराने जुना फोन शोधला, तर त्यात चूक काय? जुना फोन घेणं शहाणपणाचंच आहे. प्रश्न तो कोणाकडून आणि कसा घ्यायचा, एवढाच आहे.

पूर्वी जुना फोन ओळखीतून मिळायचा. मामाचा भाच्याकडे यायचा, नाहीतर गोंदियातल्या दुरुस्तीवाल्याकडून. आता ओएलएक्स उघडलं किंवा फेसबुकचं मार्केटप्लेस पाहिलं की गोंदिया, तिरोडा, बालाघाट, नागपूर, रायपूर अशा सगळ्या ठिकाणचे फोन एका पडद्यावर दिसतात. विकणारा खासगी माणूस असतो. त्याला दुकान नाही, पाटी नाही, उद्या परत जाऊन भांडावं असा ओटा नाही. असते फक्त एक प्रोफाइल, आणि ती आज असते, उद्या नसते.

असा फोन बघायला गेलेला माणूस काय बघतो? काच बघतो, कॅमेरा बघतो, रॅम किती, बॅटरी किती टिकते ते विचारतो. हे बघायलाच हवं. पण माझं म्हणणं असं की हे दुसऱ्या क्रमांकाचं आहे. पहिला प्रश्न एकच: हा फोन कोणाचा आहे? खराब बॅटरी हजार-दीड हजारांत बदलता येते. खराब मालकी बदलता येत नाही. बैलबाजारात दात मोजणारा आणि खांद्यावर हात फिरवणारा शेतकरी शेवटी बाजाराची पावती घेतल्याशिवाय दावं हातात धरत नाही. फोन घेताना मात्र तोच शेतकरी पावतीचं नावही काढत नाही.

कायदा याबाबत फार जुना आणि फार स्पष्ट आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्याहून जास्त हक्क सहसा घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडून घेतलेली वस्तू पूर्ण पैसे मोजून घेतली तरी ती मूळ मालकाचीच राहते. पैसे गेले, वस्तूही गेली. त्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, अप्रामाणिकपणे तो घेतला किंवा ठेवला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वीस हजारांचा फोन कोणी रेल्वे स्टेशनबाहेर बिलाशिवाय अडीच हजारांना देत असेल, तर ‘मला काय माहीत’ हे उत्तर पोलिसांना आणि न्यायालयाला पटवणं अवघड जाणार.

आता चोरीचा फोन शोधला कसा जातो ते समजून घेऊ. माझ्या मते फोन घेणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी माहीत असायला हवं.

प्रत्येक फोनला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनच्या डायलरवर *#०६# दाबलं की ते पडद्यावर येतात. हा क्रमांक सिमचा नसतो, यंत्राचा असतो. सिम बदललं तरी तो बदलत नाही. याच आधारावर केंद्राच्या दूरसंचार विभागाने हरवलेल्या आणि चोरीच्या फोनची नोंदवही उभी केली. तिला सीईआयआर म्हणतात. तिची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत तिचं उद्घाटन झालं, डिसेंबरमध्ये दिल्ली जोडली गेली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या संकेतस्थळासोबत ती देशभर लागू झाली. जानेवारी २०२५ मध्ये संचार साथीचं ॲप आलं.

फोन हरवलेल्या माणसाने पोलिसांत तक्रार द्यायची, आपल्या नंबरचं नवं सिम काढायचं आणि या नोंदवहीत आयएमईआय टाकून फोन बंद करण्याची विनंती करायची. साधारण दिवसभरात तो फोन देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद होतो. त्यानंतर कोणी त्यात सिम घातलं की त्या सिमची माहिती तयार होते आणि जिथे तक्रार झाली त्या ठाण्यापर्यंत पोहोचते. सिम कोणाच्या नावावर असतं? आधार देऊन ते घेणाऱ्याच्या. चोर स्वतःचं सिम त्यात घालत बसत नाही. तो फोन विकतो आणि निघून जातो. घरी आल्यावर हौसेने आपलं सिम घालतो तो फोन विकत घेणारा. पोलिसांच्या पडद्यावर पहिलं नाव येतं ते त्याचं.

२०२५ च्या अखेरपर्यंत या व्यवस्थेतून देशभरात ४० लाखांहून अधिक फोन बंद झाले आणि ७ लाखांहून अधिक मालकांना परत मिळाले. फोन परत मिळालेल्यांचे फोटो आपण वर्तमानपत्रांत पाहतो आणि आनंद होतो. त्या फोटोत नसलेला माणूसही मला आठवतो. ज्यांच्या हातातून हे फोन काढून घेतले, त्यातल्या कित्येकांनी ते पैसे मोजून घेतलेले असणार.

गोंदियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचं मोठं जंक्शन. दिवसरात्र लांब पल्ल्याच्या गाड्या इथून जातात, आणि गाडीत चार्जिंगला लावलेला, उशाखाली ठेवलेला फोन चोरीला जाणं ही देशभरातली नेहमीची तक्रार आहे. एप्रिल २०२५ पासून रेल्वे सुरक्षा दलही याच नोंदवहीशी जोडलं गेलं. १३९ वर किंवा रेल मदतवर तक्रार करणाऱ्या प्रवाशाचा फोन आता तिथून बंद करता येतो. म्हणजे टाटानगरच्या प्रवाशाचा फोन नागऱ्यात कोणी विकत घेतला, तरी तो सापडण्याची शक्यता आता पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे.

मग घेण्याआधी तपासायचं कसं? त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. विकणाऱ्याला *#०६# दाबायला सांगा. आलेला क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. मग आपल्या फोनवरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘केवायएम’, एक जागा सोडून तो पंधरा अंकी क्रमांक, असा संदेश १४४२२ ला पाठवा. हेच काम संचार साथी ॲपवरही होतं. उत्तरात क्रमांकाची स्थिती येते, कंपनीचं आणि मॉडेलचं नाव येतं. काळ्या यादीत, दुहेरी किंवा आधीच वापरात असा शेरा आला तर तिथेच नमस्कार करून निघावं. आणि हातात सॅमसंग असताना उत्तरात दुसऱ्याच कंपनीचं नाव आलं, तर त्या फोनचा आयएमईआय बदललेला आहे असं समजावं. हा फेरफार करणं आणि तो झाला आहे हे माहीत असून असा फोन जवळ बाळगणं, दोन्ही दूरसंचार अधिनियम २०२३ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, इतका तो गंभीर मानला आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने दूरसंचार सायबर सुरक्षेचे नियम सुधारले. जुन्या फोनचा व्यापार करणाऱ्यांनी व्यवहाराआधी आयएमईआय सरकारी यादीत तपासून घ्यावा, असं बंधन त्यात आलं. चांगलं झालं. पण आपला फोन विकायला काढलेला एखादा खासगी माणूस हे करत बसेल अशी आशा नको. ती तपासणी घेणाऱ्यालाच करावी लागणार.

या तपासणीची मर्यादाही सांगायला हवी. ज्याचा फोन काल रात्री गेला आणि ज्याने अजून तक्रारच दिलेली नाही, त्याचा फोन यादीत आज स्वच्छच दिसणार. म्हणून १४४२२ चं उत्तर चांगलं आलं म्हणजे सगळं झालं असं नाही. बिल मागायचंच. बिल नसेल तर फोन ऑनलाइन घेतला होता का ते विचारायचं. तसं असेल तर विकणाऱ्याच्या खात्यात ती ऑर्डर आणि तिचं बिल सापडतं. ‘बिल हरवलं, खोकं हरवलं, फोन बहिणीच्या नावावर आहे आणि ती पुण्याला असते’ असं सगळं एकदम कानावर आलं तर कितीही स्वस्त असला तरी तो फोन सोडावा.

इथपर्यंत फोन निदान समोर तरी असतो. फसवणुकीची दुसरी तऱ्हा अशी की फोन कधी नसतोच. जाहिरातीत फोटो झकास असतो आणि किंमत बाजारभावाच्या निम्मी. विकणारा सांगतो की तो लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाली आहे म्हणून घाईत विकतोय. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो येतो, ओळखपत्र येतं, कधी कँटीनच्या कार्डाचा फोटोही येतो. मग लष्कराच्या पार्सलने फोन पाठवतो म्हणत हजार-दोन हजार आगाऊ मागतो. ते दिले की पावती येते, मग जीएसटीचे पैसे, मग विम्याचे, मग ‘पार्सलवाला नागपुरात उभा आहे, एवढे टाका की लगेच निघतो’. प्रत्येक वेळी रक्कम लहान, आणि आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे टाकत जातो. राजस्थान-हरियाणातला भरतपूर-अलवर-मेवातचा पट्टा या प्रकारासाठी कित्येक वर्षं पोलिसांच्या नोंदीत आहे. ओळखपत्रावरचा जवान बहुतेक वेळा खराच असतो. त्याचं कार्ड चोरलेलं असतं. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं सैन्यात आणि राखीव दलांत आहेत, त्यांच्याबद्दल घरोघरी आदर आहे. त्या आदराचाच कोणी असा वापर करतं याची मला मनस्वी चीड येते.

फोन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही, हा नियम इथे पुरेसा आहे. टोकन नाही, बुकिंग नाही, पेट्रोलचे पैसेही नाहीत. वस्तू आल्यावर पैसे द्या म्हणणारेही असतात; पैसे देईपर्यंत खोकं उघडता येत नाही आणि उघडल्यावर आत साबणाची वडी निघते.

यूपीआयच्या बाबतीत एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ असावी. पिन लागतो तो पैसे द्यायला. घ्यायला कधीच लागत नाही. ‘तुमचे पैसे परत करतोय, कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारा पैसे काढूनच घेणार. एका माणसाने दुसऱ्याला पैशांची मागणी पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे एक वाट बुजली. कोड स्कॅन करायला लावण्याची वाट अजून उघडी आहे.

भेट ठरवायची ती दिवसा, माणसांच्या वर्दळीत. नागऱ्याच्या माणसाला गोंदियाचा जयस्तंभ चौक जवळ आहे, बँकेची शाखा जवळ आहे. विकणारा खरा असेल तर पोलीस ठाण्याजवळ भेटायलाही त्याची हरकत नसावी. आणि तो कुरकुरला, तर बाकी चौकशीची गरज उरत नाही. एकट्याने जाऊ नये. रोख रक्कम खिशात मिरवू नये. आपलं सिम, आपला चार्जर आणि इअरफोन बरोबर न्यावा. सिम दोन्ही खाचांत घालून घरी फोन लावावा, समोरच्याला आपला आवाज नीट येतो का विचारावं. पांढरा पडदा उघडून डाग आणि रेषा बघाव्यात. पुढचा-मागचा कॅमेरा, स्पीकर, वायफाय, बोटाचा ठसा, चार्जिंग हे सगळं तिथेच. मागची बाजू फुगल्यासारखी वाटली तर बॅटरी सुजली आहे. असा फोन फुकटही नको. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीची टक्केवारी दिसते आणि आयफोनच्या मॉडेलप्रमाणे कोणता भाग बदलला आहे तेही दिसतं. अँड्रॉइड असेल तर सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख बघावी. दोन-तीन वर्षं अपडेट न मिळालेला फोन बँकेच्या व्यवहारासाठी वापरू नये, आणि काही बँकांची ॲप जुन्या अँड्रॉइडवर चालतही नाहीत.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम, ज्याला लोक कंटाळतात. विकणाऱ्याने आपलं गुगल किंवा ॲपलचं खातं आपल्यासमोर काढायचं, फोन पूर्ण रिसेट करायचा आणि आपण तिथेच बसून आपल्या खात्याने तो सुरू करायचा. आयफोनला २०१३ पासून आणि अँड्रॉइडला २०१५ पासून अशी कुलपं आहेत की खातं न काढता पुसलेला फोन पुन्हा जुन्या मालकाचंच खातं मागतो. तसं झालं आणि विकणाऱ्याला पासवर्ड सांगता आला नाही, तर तो फोन त्याचा नाही किंवा तो फोन कधी आपला होणार नाही. ‘घरी जा, रात्री पासवर्ड पाठवतो’ यावर विश्वास ठेवून पैसे देऊ नयेत.

आणखी एक कुलूप आहे आणि ते छोट्या गावांत जास्त छळतं. फायनान्सवर घेतलेला फोन. आता गावोगावी फोन हप्त्यांवर मिळतो. काही कर्जदाते फोनमध्ये असं ॲप घालतात की हप्ता थकला की फोन दूरवरून बंद करता येतो. दोन हप्ते भरून कोणी तो फोन विकला आणि पुढचे हप्ते थकवले, तर अंधार होतो तो घेणाऱ्याच्या हातातल्या पडद्यावर. बिलावर कर्जदात्याचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला मागावा. रिसेट केल्यावर फोन एखाद्या कंपनीच्या ताब्यात असल्याची सूचना आली, तर तिथेच थांबावं.

पैसे शक्यतो यूपीआयने, आणि विकणाऱ्याच्याच नावाच्या खात्यावर द्यावेत. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारं नाव, बिलावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच असावं. मग साध्या कागदावर लिहून घ्यावं: तारीख, फोनचं मॉडेल, दोन्ही आयएमईआय, किंमत, विकणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, दोघांच्या सह्या. सोबत त्याच्या आधारची प्रत, पण पहिले आठ अंक झाकलेली. तशी प्रत आधारच्या संकेतस्थळावरून निघते. दुसऱ्याची पूर्ण माहिती आपल्याकडे ठेवण्याचं कारण नाही. हा कागद विकणाऱ्याच्याही फायद्याचा आहे. उद्या त्या फोनवरून काही गैर झालं तर फोन आपण कोणत्या तारखेला कोणाला दिला हे त्याच्याकडेही लेखी राहतं. म्हणून दोन प्रती कराव्यात. गावात सही मागितली की समोरचा दुखावतो, अविश्वास दाखवला असं त्याला वाटतं, तरी मागावी.

इतकं करूनही फसलं गेलं तर लाजून गप्प बसू नये. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन करावा आणि मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात. पहिल्या तासाभरात कळवलं तर ते वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी भावाला विचारून, तिसऱ्या दिवशी ठाण्यात गेलं तर ती फारच कमी उरते. विकणारा बालाघाटचा होता, रायपूरचा होता, आमच्या हद्दीतलं प्रकरण नाही, असं उत्तर मिळालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ची आठवण करून द्यावी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. आणि घेतलेला फोन चोरीचा आहे असं पोलिसांनी कळवलं, तर फोन लपवू नये, विकू नये, बंद करून ठेवू नये. कागद, बिल आणि यूपीआयची नोंद घेऊन ठाण्यात जावं. फोन परत द्यावा लागेल. पण आपण तो उघडपणे, पैसे मोजून, विचारपूस करून घेतला होता हे दाखवायला तोच कागद कामी येतो.

या सगळ्यातलं पहिलं पाऊल, म्हणजे आयएमईआयचा तो एक संदेश, प्रत्येकाला एकट्याने करावा लागू नये असं मला वाटतं. ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र असतं, तिथे संगणक चालवणारा माणूस असतो. फोन घेण्याआधी तिथे जाऊन क्रमांक तपासून घ्यायची सोय प्रत्येक गावाने करून द्यावी. त्याला ना निधी लागतो, ना ठराव. नागऱ्याच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या सरपंचांना माझी विनंती आहे: मंडई भरण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर १४४२२ आणि १९३० हे दोन क्रमांक, कशासाठी आहेत ते सांगून, मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.